आधी क्लोराइड, मग पोटॅशियम



शेतकरी खताच्या दुकानात जातो, नत्र-स्फुरद-पालाशाचा हिशेब करतो आणि पोती घेऊन येतो. त्यातलं पालाश म्हणजे पोटॅशियम. पोत्यात ते बहुधा म्युरेट ऑफ पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात असतं आणि ते जवळजवळ सगळं आपण परदेशातून आणतो. खत मातीत पडलं की आपल्या दृष्टीनं काम झालं. झाडाचं काम तिथून सुरू होतं. मातीतल्या पाण्यात पोटॅशियम अगदी विरळ, मुळाच्या पेशीत मात्र शेकडोपट दाट. सरळ हिशेबानं पाहिलं तर पेशीतलं पोटॅशियम मातीत ओघळून जायला हवं. तसं होत नाही, उलट मातीतलं आत येतं. हे कसं घडतं, ते मी आज सांगणार आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक दंडक होता: शास्त्र सोपं करून सांगावं, पण सोपं करण्याच्या नादात चुकीचं सांगू नये. तो पाळायचा म्हणजे आधी दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात. सोडियमचा धन, क्लोराइडचा ऋण. हे आयन. आणि प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचं दुपदरी पटल असतं, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ. आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात आणि मेदाला पाणी चालत नाही, त्यामुळे नुसत्या पटलातून आयन जवळपास जातच नाही. जायचं तर पटलात बसवलेल्या प्रथिनांतून. त्यांतली काही प्रथिनं ऊर्जा खर्चून आयन ढकलतात, त्यांना पंप म्हणतात. काही नुसती वाट मोकळी करतात, त्या वाहिन्या. तिसरा प्रकार वाहकांचा, त्याच्याकडे ओघात येऊच. पंप सेकंदाला साधारण शंभराच्या घरात आयन हलवतो, उघडलेली वाहिनी लाखो-कोटी. हा फरक लक्षात असू द्या.

आता तुम्ही विचाराल, इतक्या बारीक पेशीच्या आत काय आहे हे कळलं कसं? मुळाची पेशी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तिच्यातला रस काढून तपासणार कोण? निसर्गानं काही शैवालांच्या पेशी अवाढव्य करून ठेवल्या म्हणून हे कळलं. माझ्या मते या शास्त्राचा पहिला अर्धा इतिहास हा त्या चारदोन शैवालांचाच इतिहास आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांना दोन ओळींत उरकलं जातं ते मला पटत नाही.

उष्ण समुद्रात व्हॅलोनिया नावाचं हिरवं शैवाल असतं. एक गोळा, काचेच्या गोटीसारखा चमकणारा, आणि तो सबंध गोळा म्हणजे एक पेशी. काही जातींत व्यास कित्येक सेंटिमीटर भरतो. गोळ्याच्या आत जवळपास सगळी रिक्तिका, म्हणजे रसानं भरलेली पोकळी. पेशीद्रव्याचा फक्त एक पातळ थर कडेला. अमेरिकेतले डब्ल्यू. जे. व्ही. ऑस्टरहाउट आणि त्यांचे सहकारी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या गोळ्यांतला रस काढून तपासत होते. समुद्राच्या पाण्यात सोडियम भरपूर, पोटॅशियम त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं. व्हॅलोनियाच्या रसात नेमकं उलट: पोटॅशियम समुद्राच्या सुमारे चाळीसपट, सोडियम समुद्राच्या पाचव्या हिश्श्याइतकं. क्लोराइड मात्र आतबाहेर जवळपास सारखं. रसाची आणि समुद्राची एकूण खारटाई पाहिली तर फार फरक नाही, पण मीठ बदललेलं.

इथपर्यंत कुणी म्हणेल, असेल पोटॅशियमला आत धरून ठेवणारं एखादं द्रव्य. पण जिथे व्हॅलोनिया मिळतं त्या बर्म्युडाच्या समुद्रातच हॅलिसिस्टिस नावाचं दुसरं गोळ्यासारखं शैवाल सापडलं, त्याच्या एका जातीला तर ऑस्टरहाउट यांचंच नाव दिलं आहे. त्याच्या रसात सोडियमच भरलेलं, पोटॅशियम समुद्रापेक्षाही कमी! पाणी तेच, आकार तसाच, राहणी तीच, आणि आतलं मीठ अगदी वेगळं. म्हणजे बाहेर काय आहे यावरून आत काय असेल ते ठरत नाही. पटल निवड करतं, आणि प्रत्येक जातीची निवड तिची स्वतःची.

गोड्या पाण्यातली गोष्ट याहून ठसठशीत आहे. १९२३ साली कॅलिफोर्नियात डेनिस होगलंड आणि ए. आर. डेव्हिस यांनी नायटेला या तळ्यातल्या शैवालाचा रस तपासला. तळ्याच्या पाण्याच्या तुलनेत पोटॅशियम हजारपटीहून जास्त, क्लोराइड सुमारे शंभरपट, सोडियम चाळीस-पंचेचाळीसपट. आणि उजेडात ठेवलेली पेशी अंधारातल्या पेशीपेक्षा जास्त आयन घेते, हेही त्यांना दिसलं. हे महत्त्वाचं, कारण उजेड लागतो याचा अर्थ ऊर्जा लागते. आयन नुसते पाझरत नाहीत, पेशी त्यासाठी खर्च करते. हेच ते होगलंड, ज्यांच्या नावाचं पोषक द्रावण आजही मातीविना शेतीत आणि प्रयोगशाळेत वापरलं जातं. द्रावण सगळ्यांना ठाऊक, नायटेला कुणाला आठवत नाही.

नायटेला आणि तिची सख्खी बहीण कारा, यांच्यापाशी थोडं थांबू. तळ्यात, भाताच्या खाचरात, पावसाळी डबक्यात ही शैवालं असतात. दिसायला एखाद्या बारीक पाणवनस्पतीसारखी: कांडी, पेर, पेरापाशी फांद्यांचं वलय. हातात घेतली तर काराची कांडी खरखरीत लागते आणि थोडा लसणासारखा उग्र वास येतो. दोन पेरांमधलं कांडं म्हणजे एकच पेशी. जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, लांबी कित्येक सेंटिमीटर. काराच्या अनेक जातींत या कांड्याभोवती लहान पेशींची साल असते, नायटेलात ती नसते आणि काराच्याही काही जातींत नसते, त्यामुळे आतलं थेट दिसतं.

आणि दिसतं ते काय! कमी ताकदीचा सूक्ष्मदर्शकही पुरतो. कडेला हरितकणांच्या ओळी जागच्या जागी बसलेल्या. त्यांच्या आत पेशीद्रव्य वाहतंय. एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली, अखंड. इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी हे १७७४ साली पाहिलं, पेशी हा शब्द आजच्या अर्थानं रुळायच्या कितीतरी आधी. वेग सेकंदाला शंभर मायक्रोमीटरच्या आसपास जातो. पेशीच्या जगात ही घोडदौड आहे, आणि तिच्यामागचं मायोसिन हे प्रथिन आजवर माहीत असलेल्या मायोसिनांत सर्वांत वेगवान आहे. या प्रवाहाची आठवण ठेवा, थोड्या वेळानं तो थांबणार आहे.

एवढी मोठी पेशी असली म्हणजे तिच्यात काचेची सुई खुपसून आतबाहेरचं विभवांतर मोजता येतं. सुई घातली की कळतं, पेशीचं अंतरंग बाहेरच्या मानानं ऋण आहे, दीडशे-दोनशे मिलिव्होल्टनं, कधी त्याहूनही जास्त. आपल्या चेतापेशीत हा आकडा साधारण सत्तर. धन आयनाला ऋण जागा ओढून घेते. दीडशे मिलिव्होल्टची ओढ असेल, तर पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीनशे-चारशेपट दाट होईपर्यंत आत येत राहील, आणि त्यासाठी पोटॅशियमचा वेगळा पंप लागणार नाही. वाहिनी उघडी असली की झालं. सुरुवातीच्या आपल्या कोड्याचा मोठा भाग इथे सुटतो. पण प्रश्न एक पाऊल मागे सरकतो: मुळात हा ऋणभार निर्माण कोण करतं?

प्राण्यांच्या बाबतीत उत्तर हाती आलं होतं. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंत असं विकर दाखवलं, जे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, मोडून सोडियम बाहेर टाकतं आणि पोटॅशियम आत घेतं. त्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल मिळालं. साहजिकच वनस्पतीतही तसलाच पंप असणार अशी अनेकांची समजूत होती. ती टिकली नाही. १९६८ साली जपानच्या हिरोशी कितासातो यांनी नायटेलावर काम करताना पाहिलं, की बाहेरच्या पाण्याची आम्लता बदलली की पेशीचं विभवांतर मोठ्या प्रमाणात बदलतं. आम्लता म्हणजे हायड्रोजनचे आयन. ते पटलातून एवढे आत येत असतील, तर पेशी आंबून जायला हवी. ती आंबत नाही, म्हणजे कुणीतरी त्यांना सतत बाहेर ढकलतंय. विभवांतर एकट्या पोटॅशियमच्या हिशेबात बसतं त्याहून जास्त ऋण असतं, हेही याच तर्कानं उलगडत होतं. १९७२ साली रॉजर स्पॅन्सविक यांनी नायटेलाच्याच दुसऱ्या जातीवर हा तर्क पक्का केला: पंप स्वतःच वीज वाहतो. त्याच सुमारास क्लिफर्ड स्लेमन बुरशीवर काम करून याच निष्कर्षाकडे येत होते. पुढे ताझावा आणि शिम्मेन यांनी काराच्या पेशीची दोन्ही टोकं कापून आतला सगळा रस बदलून टाकण्याचं तंत्र वापरलं आणि १९७७ साली दाखवलं, की आत एटीपी आणि मॅग्नेशियम असेल तरच पटलाचा ऋणभार टिकतो. पेशीची टोकं कापून तिच्या आतलं द्रव बदलायचं आणि तरी तिचं पटल कामात ठेवायचं! उंदराच्या चेतापेशीवर कुणी हे करायला धजणार नाही.

तर वनस्पतींनी सोडियमऐवजी हायड्रोजन निवडला. ही रचना कशी चालते ते आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीवरून समजेल. वीज खर्च होते ती फक्त मोटर पाणी वर चढवते तेव्हा. मग स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाग, सगळीकडे नळ सोडायचा, वेगळी मोटर लावायची गरज नाही. हायड्रोजनचा पंप ही मोटर. बाहेर ढकललेला हायड्रोजन परत आत यायला उत्सुक असतो, आणि तो येताना त्याच्याबरोबर दुसरं काही आणता येतं. मघाशी ओझरता उल्लेख केला ते वाहक म्हणजे ही जोडयात्रा घडवणारी प्रथिनं: नायट्रेट, फॉस्फेट, साखर, अमिनो आम्लं यांच्यावरच आत येतात. मातीत पोटॅशियम इतकं कमी असलं की नुसत्या ऋणभाराची ओढही पुरत नाही, तेव्हा मुळं पोटॅशियमसुद्धा हायड्रोजनच्या जोडीनं आणतात. ही विचारसरणी इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा तिची बरीच टिंगल झाली होती. १९७८ साली नोबेल मिळालं.

रिक्तिकेच्या पटलावरही हायड्रोजनचे पंप असतात, ते रसात हायड्रोजन भरतात. लिंबाची फोड जिभेवर ठेवल्यावर जी झिणझिणी येते ती या पंपांची करामत. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, त्याच पेशीच्या पेशीद्रव्याचा सातच्या आसपास. मध्ये फक्त एक पटल.

काराच्या कांड्यावर या पंपाचं काम उघड्या डोळ्यांनी दाखवता येतं, आणि माझ्या मते वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी तो एक आहे. फिनॉल रेड हा दर्शक घातलेल्या पातळ अगारात कांडं ठेवायचं आणि उजेड द्यायचा. थोड्या वेळानं कांड्याच्या कडेनं रंगाचे पट्टे उमटतात: पिवळा, गुलाबी, पिवळा, गुलाबी. पिवळ्या जागी पेशी हायड्रोजन बाहेर टाकतेय, पाणी आम्लधर्मी. गुलाबी जागी ती उलट वागतेय, पाणी अल्कधर्मी, पीएच साडेनऊपर्यंतही जातो. एका पेशीच्या एकाच पटलावर दोन विरुद्ध व्यवहार, आणि मधे कुंपण काहीच नाही. याचा उपयोग असा: तळ्याच्या पाण्यातला कार्बन बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो, आम्लपट्ट्यात त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि प्रकाशसंश्लेषणाला मिळतो. अल्कपट्ट्यात पाण्यातला चुना बसतो. मघाशी म्हटलं ना, काराचं कांडं हाताला खरखरीत लागतं? तो हा चुना.

आता प्रवाह थांबण्याची गोष्ट. काराच्या कांड्यावर काचेच्या कांडीनं हलकी टिचकी मारा, किंवा विजेचा बारीकसा झटका द्या. आतलं वाहणारं पेशीद्रव्य जागीच थबकतं. काही वेळानं आधी रेंगाळत, मग पूर्वीच्या वेगानं पुन्हा सुरू होतं. याच क्षणी आत सुई असेल तर दिसतं, की पेशीचा ऋणभार एकदम उतरला आणि काही सेकंदांत पूर्ववत झाला. हा विद्युत स्पंद आहे, चेतापेशीत असतो तसा. फक्त हजारपट संथ. कोल आणि कर्टिस या अमेरिकन जोडीनं १९३८ साली नायटेलावर दाखवलं, की स्पंदाच्या वेळी पटलाचा विद्युतरोध झपाट्यानं कमी होतो. पुढच्याच वर्षी त्यांनी तोच प्रयोग स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकूलच्या जाड चेतातंतूवर केला. चेतासंस्थेचं आधुनिक शास्त्र त्या माकूलापासून सुरू झालं असं सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी एक तळ्यातलं शैवाल होतं, हे सहसा सांगत नाहीत.

पण स्पंद दिसायला सारखा असला तरी आतली रीत वेगळी, आणि आजच्या व्याख्यानाचं मर्म इथे आहे. चेतापेशी उद्दीपित होते तेव्हा बाहेरचा सोडियम आत घुसतो. प्राण्याच्या पेशीभोवती समुद्रासारखं खारं द्रव असतं, सोडियमला तोटा नाही. तळ्याच्या गोड्या पाण्यात सोडियम आणणार कुठून? काराकडे दुसराच साठा आहे: स्वतःच्या पोटातला. धक्का बसला की पेशीद्रव्यातलं कॅल्शियम वाढतं. त्यानं दोन गोष्टी होतात. वाहणारा प्रवाह थांबतो, आणि क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात. ऋणभारित क्लोराइड बाहेर पडू लागला की आतला ऋणभार कमी होतो. मग पोटॅशियमला आत धरून ठेवणारी ओढ संपते आणि त्याच्या वाहिन्यांतून तोही बाहेर पडतो. तो धन असल्यामुळे त्याच्या जाण्यानं पेशी पुन्हा ऋण होते. आधी क्लोराइड, मग पोटॅशियम. प्रत्येक स्पंदाला पेशी थोडं मीठ गमावते, आणि ते नंतर पंप चालवून हळूहळू भरून काढते.

इथे जगदीशचंद्र बोस यांच्याबद्दल बोललं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. लाजाळूच्या आणि इतर वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादांची त्यांनी घेतलेली नोंद अस्सल होती. त्यांच्याही आधी १८७३ साली बर्डन-सँडरसन यांनी डार्विनच्या सूचनेवरून व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानात विद्युत स्पंद मोजला होता. लाजाळूचं पान मिटतं तेव्हा देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी क्लोराइड आणि पोटॅशियम सोडतात, पाठोपाठ पाणी जातं आणि पान खाली झुकतं. वनस्पतीत विद्युत संदेश असतो, हे बोस यांचं म्हणणं खरं ठरलं. वनस्पतीला चेतासंस्था असते, हे ठरलं नाही. आजकाल दूरदर्शनवर आणि फोनवर ‘झाडांना वेदना होतात’ म्हणून जे फिरतं, त्यात बोस यांचं नाव घेतलं जातं. त्यात बोस यांचा गौरव होतो असं मला वाटत नाही.

काराचा हा क्रम एका शैवालापुरता राहिला असता तर मी त्यावर तासभर घेतला नसता. तुम्ही बसला आहात त्या सभागृहाबाहेरच्या प्रत्येक झाडाच्या पानावर तो चालू आहे. पानावर पर्णरंध्रं असतात, प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. सकाळी उजेडातला निळा रंग पडला की रक्षक पेशीतला हायड्रोजनचा पंप जोरात चालतो, आतला ऋणभार वाढतो, पोटॅशियम आत ओढलं जातं, त्याच्या जोडीला क्लोराइड आणि मॅलेट, पाठोपाठ पाणी. पेशी फुगून बाकदार होतात, रंध्र उघडतं. पाणी कमी पडलं की मुळा-पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल तयार होतं. ते रक्षक पेशीत पोचलं की ऋण आयनांच्या वाहिन्या उघडतात, क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडतात, ऋणभार उतरतो, पोटॅशियम मागोमाग निघतं, पाणी जातं, पेशी सैलावतात, रंध्र बंद. कारात सेकंदांत होतं ते इथे मिनिटांत होतं, पण क्रम तोच. केंब्रिजच्या एनिड मॅक्रॉबी यांनी १९५०-६० च्या दशकांत महाकाय शैवालांवर आयनांचे प्रवाह मोजले आणि पुढे रक्षक पेशींकडे वळल्या, यात मला नवल वाटत नाही.

रक्षक पेशी काराच्या मानानं अगदी चिमुकली, सुई घालणं अवघड. त्यावर उपाय मिळाला तो नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांच्या तंत्रातून. त्यांनी १९७६ साली काचेच्या नळीचं मायक्रोमीटरभर टोक पटलाला चिकटवून एकेका वाहिनीतला प्रवाह मोजून दाखवला. १९८४ साली श्रोडर, हेड्रिख आणि फर्नांडेझ यांनी बाकल्याच्या रक्षक पेशीची भित्तिका विकरांनी विरघळवून तिच्या पटलावर हेच तंत्र चालवलं आणि पोटॅशियमची वाहिनी पकडली. १९९२ साली तिची जनुकं सापडली, तीही गमतीशीर रीतीनं: पोटॅशियम नीट घेऊ न शकणाऱ्या, त्यामुळे कमी पोटॅशियमच्या माध्यमात उपाशी मरणाऱ्या यीस्टमध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याची जनुकं घातली. ज्या पेशी जगल्या, त्यांच्यात वाहिनीचं जनुक होतं. त्या वाहिनीतला पोटॅशियम निवडणारा भाग प्राण्यांच्या वाहिनीतल्या भागाशी जवळपास जुळतो. ऋण आयनांच्या वाहिनीचं जनुक मात्र २००८ पर्यंत हाती लागलं नाही; ओझोननं चटकन करपणाऱ्या आणि रंध्रं नीट बंद न करणाऱ्या उत्परिवर्तित रोपांतून ते मिळालं.

कारातले आणि रक्षक पेशीतले रेणू तेच आहेत असा माझा दावा नाही. क्रम सारखा आहे, एवढंच. पण कारा ज्या गटातली, तोच गट जमिनीवरच्या वनस्पतींच्या जवळच्या नातलगांत मोडतो, आणि २०१८ साली काराच्या एका जातीचा सबंध जनुकसंच वाचून झाला आहे. पाणी सोडून जमिनीवर येताना झाडांनी काय बरोबर आणलं, हा प्रश्न आता अंदाजाचा राहिलेला नाही.

सोडियमकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू, कारण तो आपल्या दाराशी आहे. कोकणातली खारजमीन, गोव्याची खाजन शेतं, आणि उसाला पाणी देऊन देऊन खारवलेली कृष्णाकाठची रानं. फुलझाडांत प्राण्यांसारखा सोडियमचा पंप नाही, आणि पेशीचा ऋणभार पोटॅशियमला ओढतो तसा सोडियमलाही ओढतो. त्यामुळे खाऱ्या मातीत झाडाचं स्वतःचं यंत्रच त्याच्यावर उलटतं. झाडापुढे उपाय थोडेच. आलेला सोडियम हायड्रोजनच्या बदल्यात परत बाहेर टाकायचा, किंवा तसाच बदला करून रिक्तिकेत कोंडायचा, किंवा मुळातून पानाकडे जाणाऱ्या रसातून तो वाटेतच काढून घ्यायचा. खाडीकाठच्या तिवराला बहुतेक मीठ मुळातच अडवता येतं. जे वर येतं ते पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात, उन्हात त्याचे कण पानावर चमकतात.

१९९९ साली रिक्तिकेच्या पटलावरचं एकच जनुक वाढवून अ‍ॅराबिडॉप्सिस खाऱ्या पाण्यात वाढवून दाखवलं गेलं, २००१ साली टोमॅटो. तेव्हा वर्तमानपत्रांनी समुद्राच्या पाण्यावर शेती होणार म्हणून मथळे दिले. शेतकऱ्याच्या हातात पडलेली क्षारसहनशील भातं मात्र बहुतांशी जुन्या खाऱ्या वाणांतूनच आली: केरळचं पोक्काळी, बंगालचं नोना बोक्रा, गोव्याचं कोरगुट. २००५ साली नोना बोक्राचं रहस्य उलगडलं तेव्हा कळलं, की ते भात रसातला सोडियम वाटेतच काढून घेतं आणि पानापर्यंत जाऊ देत नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियात गव्हाच्या एका रानटी नातलगाकडून असंच जनुक साध्या संकरानं आणलं आणि खाऱ्या जमिनीत पीक सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१ पासूनचे वाण दिले, गोव्यात कोरगुटातून निवड करून वाण काढले. माझं मत स्पष्ट आहे: शास्त्रानं क्रम समजावून दिला, पण बी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं राखलं होतं. हे जुने वाण खाजनातून गेले तर त्यांच्यातली जनुकंही जातील.

समारोपाऐवजी एक मागणी करतो, आणि ती सभागृहात बसलेल्या प्राध्यापक मंडळींकडे आहे. आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात कारा आहे. दरवर्षी हजारो मुलं तिचे ग्लोब्यूल आणि न्यूक्यूल हे प्रजननाचे अवयव जर्नलमध्ये रेखाटतात, पण बरणीतल्या फॉर्मेलिनमध्ये पांढरट पडलेल्या नमुन्यावरून. ती मुलं तिचा प्रवाह पाहत नाहीत आणि तो थांबतानाही पाहत नाहीत. येत्या पावसाळ्यात खाचरातून थोडी कारा आणा, ज्या जातीला साल नाही अशी मिळाली तर उत्तम. काचेच्या बरणीत तळाला चिखल, वर पावसाचं पाणी, खिडकीतला उजेड. एवढ्यावर ती आठवडेच्या आठवडे जगते. एक कांडं स्लाइडवर ठेवा, मुलांना प्रवाह दाखवा, मग काचेच्या कांडीनं टिचकी मारा. फिनॉल रेड प्रत्येक रसायनशाळेच्या कपाटात असतोच.